गालावरचा उजेड

फोटो काढायचे ते दादांनी आणि मग त्यावर हात फिरवायचा तो वहिनींनी, अशी वाटणी त्या स्टुडिओत लग्नानंतर थोड्याच दिवसांत पडून गेली होती. ती कुणी मुद्दाम पाडली नव्हती. दादांना कॅमेऱ्यामागे उभं राहून गिऱ्हाइकाशी गप्पा छाटायला आवडायचं आणि वहिनींना गप्पांचा मनापासून कंटाळा. त्यामुळे पुढच्या खोलीत पडदा, दिवे आणि दादांचा आवाज. मागच्या खोलीत टेबल, पंखा आणि वहिनी. पूर्वी त्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने रिटचिंग करत. पुढे कॉम्प्युटर आला आणि तेच काम त्या स्क्रीनवर करू लागल्या. हत्यार बदललं, हात तोच राहिला.

आणि हात होताही तसाच. वहिनींच्या हाताखालून गेलेला चेहरा धुऊन इस्त्री केल्यासारखा दिसे. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, गालावरचे खड्डे, मानेवरच्या वळ्या, सगळं गायब. गिऱ्हाईक आरशात दिसतं त्यापेक्षा फोटोत पाचसहा वर्षांनी लहान होऊन घरी जाई आणि पुढच्या वेळी नणंदेला, जावेला, शेजारणीला घेऊन येई. शहरातल्या फोटोग्राफरांत दोघांना मान होता. तेच त्यांना दादा आणि वहिनी म्हणत, आणि ती नावं इतकी चिकटली की गिऱ्हाइकंही तीच घेत.

या फोटोग्राफरांचं एक मंडळ होतं. महिन्यातून एका रविवारी सकाळी फ्रेमवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत सगळे जमायचे. खोलीला सरसाचा आणि ताज्या कापलेल्या लाकडाचा वास असे. एकेक फोटो स्टँडवर लावायचा, नाव सांगायचं नाही, आणि ज्याचा फोटो असेल त्याने सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असा नियम. फोटोतले दोष एकमेकांना मोकळेपणाने सांगता यावेत म्हणून केलेला. प्रत्यक्षात मात्र सगळे एकमेकांची पाठ थोपटून, चहा पिऊन घरी जात. त्यातला एक तर स्टँडवर काहीही ठेवा, "क्या बात!" म्हणून मान डोलवायचा. त्याचं नावच क्याबात पडलं होतं.

अपवाद एकच, मावशी. त्या मंडळातल्या कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या. आयुष्यभर वर्तमानपत्रासाठी माणसांचे फोटो काढून त्या निवृत्त झाल्या होत्या, एकट्या राहत, आणि मनात येईल ते तोंडावर बोलत. त्यांचं ऐकून लोक तणतणत घरी जात, महिनाभर त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत, आणि पुढच्या खेपेला मुकाट्याने आधीपेक्षा चांगला फोटो घेऊन येत.

एका रविवारी दादांनी एका म्हाताऱ्या बँडवाल्याचा फोटो लावला. हा माणूस तरुणपणापासून ट्रम्पेट वाजवत आला होता. फोटो वहिनींनी फार मन लावून केला होता. क्याबातने मान डोलवली, बाकीच्यांनी त्वचेची तारीफ केली. मावशी उठून स्टँडजवळ गेल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटोला नाक लावून बघू लागल्या.

"हा ट्रम्पेट वाजवतो?" त्यांनी विचारलं. "की नुसता हातात धरून बसलाय?"

मग त्यांनी फोटोतल्या ओठावर बोट टेकवलं.

"ओठावर खूण कुठाय? इतकी वर्षं पितळ टेकवलेल्या माणसाच्या ओठावर गोल वळ उठतो, तो जात नाही. आणि गाल बघा. फुंकून फुंकून सैल पडले असणार. इथे तर लोण्याचा गोळा आहे नुसता." त्या वळल्या. "ज्याने कुणी हे रिटच केलंय, त्याचा हात सुरेख आहे. पण त्याने माणूस पुसून टाकलाय आणि त्याच्या जागी बाहुला ठेवलाय."

दादा नियमाप्रमाणे गप्प बसले. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्यांना बोलायची मुभा होती, तरीही ते गप्पच राहिले. घरी आल्यावर वहिनींनी विचारलं, "काय म्हणाली मंडळी?" तेव्हा दादा पायातल्या चपला काढता काढता म्हणाले, "आवडला सगळ्यांना."

ही गोष्ट तिथेच संपली असती. पण दोन दिवसांनी क्याबात स्टुडिओत कागद उसना मागायला आला आणि जाता जाता दारातून मोठ्या मायेने म्हणाला, "वहिनी, मावशींचं काही मनावर घेऊ नका हं. त्यांचं तोंडच तसलं आहे."

"काय म्हणाल्या मावशी?" वहिनींनी विचारलं.

आपण काशी केली आहे हे क्याबातच्या लक्षात आलं. त्याने इकडेतिकडे बघितलं, पण वहिनी दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. मग त्याने सांगितलं. अगदी बाहुल्यासकट सांगितलं.

दादा संध्याकाळी पडदे गुंडाळत होते तेव्हा वहिनी पुढच्या खोलीत आल्या. त्या सहसा तिथे येत नसत.

"तुम्ही मला खोटं का सांगितलंत?"

दादांनी पडदा तसाच अर्धा सोडला. "तुला वाईट वाटलं असतं."

"आता नाही वाटलं? क्याबातच्या तोंडून ऐकताना?" त्या थांबल्या. "मावशी म्हणाल्या ते तुम्हाला पटलं का?"

"जाऊ दे ना."

"अहो, मी विचारतेय. पटलं का?"

दादांनी अर्धा राहिलेला पडदा पुन्हा गुंडाळायला घेतला. "पटलं," ते म्हणाले.

वहिनी मागच्या खोलीत गेल्या. पुढचे काही दिवस दोघांत फक्त गिऱ्हाइकांबद्दल बोलणं झालं. कुणाला किती प्रती, कुणाला कधी द्यायच्या, एवढंच. रागापेक्षा लाज जास्त वाटत होती असं वहिनींनी पुढे सांगितलं. मावशींनी चूक काढली याची नाही, तर इतकी वर्षं नवरा आपलं काम बघतोय, त्याला ते खटकतंय, आणि तो चकार शब्द काढत नाही याची. म्हणजे आपण चांगलं ऐकण्याच्याच लायकीच्या आहोत असं तो समजत होता की काय?

शेवटी त्यांनी एका दुपारी बँडवाल्याचा मूळ फोटो, रिटचिंगआधीचा, मोठा छापून घेतला, रिटच केलेलाही बरोबर घेतला, आणि मावशींचं दार वाजवलं.

मावशींनी दार उघडलं. समोर वहिनींना बघून त्या म्हणाल्या, "भांडायला आलीस?"

"नाही. शिकायला आले. पण भांडण झालं तर माझी तयारी आहे."

"ये मग आत."

दोन्ही फोटो खिडकीखालच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. मावशींनी रिटच केलेल्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मूळ फोटो मात्र हातात घेऊन त्या खिडकीशी गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"हा मला कुणी दाखवलाच नव्हता," त्या हळूच म्हणाल्या. "अगं, हा दिवा कुठे लावलाय तुझ्या नवऱ्याने?"

"समोर. वर. भिंतीवर, पहिल्यापासून तिथेच आहे. सासऱ्यांनी लावलेला."

"तरीच. बघ, दिवा डोक्यावरून सरळ खाली येतोय. प्रत्येक सुरकुतीखाली सावलीची रेघ. डोळ्यांचे खड्डे विहिरीसारखे. कपाळ तेलकट. हा बिचारा मुळात इतका म्हातारा नाहीये, या उजेडाने केलाय." त्यांनी फोटो खाली ठेवला. "तू इतकी वर्षं माणसांचे चेहरे नाही पुसलेस. तुझ्या नवऱ्याचा उजेड पुसत बसलीस."

वहिनी खुर्चीत बसल्या. हे कधी त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. समोर येईल तो फोटो नीट करायचा, एवढंच त्यांना माहीत होतं.

"मी त्या दिवशी अर्धंच बघून बोलले," मावशी म्हणाल्या. "माझंही चुकलं. पण म्हणून तू सुटलीस असं नाही. ओठावरची खूण काही दिव्याने केलेली नव्हती. ती तू काढलीस."

"डाग वाटला म्हणून काढला."

"मग काढण्याआधी स्वतःला विचारायचं, हे पुढच्या आठवड्यात असणार आहे का? पुळी, ओरखडा, उन्हाने आलेला लालपणा, हे जाणारच असतं, त्याला तू आज घालव, काही बिघडत नाही. जे माणसाबरोबर राहणार आहे त्याला हात लावताना मात्र आधी हात जोडायचे."

त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत दोघी त्या टेबलापाशी होत्या. मावशींनी जुन्या फोटोंचे गठ्ठे काढले, स्वतःच्या चुका दाखवल्या, त्यांवर स्वतःलाच शिव्या घातल्या. निघताना वहिनींना वाटलं, आपल्याला इतक्या गांभीर्याने कुणी कधी घेतलंच नव्हतं. तारीफ पुष्कळांनी केली होती. पण आपल्या कामासमोर कुणी असं ठाण मांडून बसलं नव्हतं.

घरी आल्यावर त्या थेट पुढच्या खोलीत गेल्या. "आता मी बोलणार आणि तुम्ही ऐकायचं. मध्ये तोंड उघडायचं नाही. तुमच्याच मंडळाचा नियम आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. दिवा, सावल्या, तेलकट कपाळं, आणि आपण मागच्या खोलीत बसून इतकी वर्षं काय निस्तरत होतो ते. दादांचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला. वहिनींचं संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "तो दिवा बाबांनी लावलाय."

"माहीत आहे."

"त्यांचे फोटो वाईट होते?"

"त्यांच्या वेळी रिटच करणारी मी नव्हते. मला नाही माहीत."

दादा न जेवता झोपले. पण सकाळी वहिनींना ठोकाठोकीचा आवाज आला. बाहेर येऊन बघतात तर दादा स्टुलावर चढून भिंतीतले स्क्रू काढत होते. तोंडाने पुटपुटणं चालू होतं, पण दिवा खाली आला. मग दोघांनी मिळून तो खिडकीच्या बाजूला नेला, पुढे पांढरं कापड ताणलं, दुसऱ्या बाजूला उजेड परत फेकायला थर्माकोलची पाटी उभी केली. उजेड कसा पडतो ते बघायला कुणीतरी बसायला हवं होतं.

"बस तू," दादा म्हणाले.

"मी? माझे केस बघा."

"आता मी बोलणार आणि तू ऐकायचं."

वहिनी हसल्या, आणि त्याच क्षणी दादांनी बटण दाबलं. तो फोटो वहिनींनी स्क्रीनवर उघडला तेव्हा हात आपोआप कॉम्प्युटरच्या पेनकडे गेला आणि तसाच हवेत राहिला. डोळ्यांच्या कडेला रेषा होत्या, हनुवटीखाली सैलपणा होता, पण विहिरी नव्हत्या. गालावरून उजेड हळुवार खाली उतरत गेला होता. पुसण्यासारखं काही त्यांना सापडेना.

"काय गं, वाईट आहे?" दादांनी दारातून विचारलं.

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. त्यांनी दादांना स्क्रीनपुढे बोलावलं.

त्यानंतर स्टुडिओतले फोटो बदलत गेले. दोनचार गिऱ्हाइकं कुरकुरली, एक बाई तर "पूर्वीसारखं गोरं करा" म्हणून अडून बसली. पण बहुतेकांना नेमकं काय बदललंय ते कळलं नाही, फोटो बघताना जरा जास्त वेळ थांबू लागले एवढंच. वहिनीही आता रविवारी मंडळात जाऊ लागल्या. मावशी त्यांच्या फोटोंवर तुटून पडत आणि वहिनी पदराने घाम पुसत सगळं ऐकून घेत.

मग एका रविवारी मावशी आल्या नाहीत. पुढच्या खेपेलाही नाहीत. आणि एका सकाळी त्या स्वतःच स्टुडिओच्या पायऱ्या चढून आल्या, काठीला धरून, स्वच्छ पांढरी साडी नेसून.

"माझा फोटो काढा," त्या म्हणाल्या.

दादा बघतच राहिले. मावशींनी आजवर कुणाला आपला फोटो काढू दिला नव्हता.

"उजव्या जबड्यात गाठ आहे," मावशी सरळ म्हणाल्या. "हाड काढणार आणि पायातलं हाड तिथे बसवणार. डॉक्टर म्हणाले, चेहरा समोरून नीट दिसेल असा फोटो आणा, आधीचा आकार कळेल. घरभर शोधलं. ओळखपत्रावरचा टपाल तिकिटाएवढा एक सापडला, बस." त्या खुर्चीत बसल्या. "मला भीती वाटतेय. तेव्हा लवकर उरका."

दादांनी गप्पा मारायचा प्रयत्न केला, पण मावशींचं तोंड घट्ट मिटलेलं. डोळे लेन्सकडे रोखलेले. एकेक फोटो येत होता तो तुरुंगातल्या नोंदीसारखा. तेव्हा वहिनी मागच्या खोलीतून आल्या आणि कॅमेऱ्याशेजारी स्टूल ओढून बसल्या.

"मावशी, दिवा बरोबर आहे ना? तुम्हीच सांगा."

"बरोबर कसला!" मावशी उसळल्या. "जरा मागे घे रे. मागे म्हणजे मागे, छतावर नको नेऊस. आणि ती पाटी कुणासाठी उभी केलीस, भिंतीसाठी? इकडे आण, इकडे. माणसाने किती वेळा सांगायचं..."

दादा दिवा सरकवत होते, मावशी ओरडत होत्या, आणि बटण वहिनींनी दाबलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

"तोंड उघडं असताना काढलास की काय!"

"मी नाही काढला, मावशी," दादा म्हणाले. "हिने काढला."

फोटोत मावशी होत्या. भुवया वर गेलेल्या, डोळ्यांत ठिणगी, ओठ पुढचा शब्द बोलायला सरसावलेले. त्यानंतर त्या सैल होऊन बसल्या आणि डॉक्टरांना हवे तसे समोरून, तोंड मिटून, दोनतीन साधे फोटोही निघाले.

वहिनी फोटोवर काम करायला बसल्या. कपाळावर डास चावल्याचा लाल ठिपका होता, तो काढला. खांद्यावरचा सुताचा धागा काढला. मग उजव्या गालाशी येऊन त्या थांबल्या. तिथे सूज होती. फार नाही, पण डावीकडच्या मानाने जबडा थोडा भरलेला. पुढच्या आठवड्यात ती असणार का? नसणार. पण तिच्याबरोबर हाडही नसणार. काय करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी फोन लावला.

"मावशी, उजव्या गालावरची सूज ठेवू की काढू?"

वहिनींना वाटलं, विचारून चूक केली.

"साधा फोटो डॉक्टरांना जसा आहे तसाच दे," मावशी म्हणाल्या. "आणि बोलतानाचा आहे ना, तो माझा. त्यातली काढ."

"चालेल तसं?"

"अगं, ती सूज काय माझी आहे? आगंतुक आहे ती. न बोलावता आली. तिला माझ्या फोटोत कशाला बसवतेस? मला माझा गाल हवाय. जाण्याआधी एकदा बघायचाय."

वहिनींनी अख्खी दुपार त्यावर घालवली. पंखा बंद केला, दादांना आत येऊ दिलं नाही. मावशींनी बरोबर आणलेला ओळखपत्रावरचा जुना फोटो शेजारी ठेवला आणि डाव्या गालावरून उजव्याची रेघ शोधत गेल्या. सुरकुत्या होत्या तशाच ठेवायच्या होत्या, उजेडही होता तसाच हवा होता, फक्त त्याखालचं हाड परत आणायचं होतं. इतकी वर्षं चेहरे पुसून पुसून हाताला जी सवय झाली होती ती सगळी आज कामी आली. पुसण्याऐवजी त्या शोधत होत्या, एवढाच फरक.

फोटो घेऊन दोघं मावशींच्या घरी गेली. मावशींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक लावून फोटो बघू लागल्या. गाल बघितला, कान बघितला, मान बघितली. मग पुन्हा गाल.

"कुठे केलंस?" मावशींनी विचारलं.

"काय?"

"रिटच. कुठपासून कुठपर्यंत? मला सापडत नाहीये."

वहिनींनी बोट ठेवून दाखवलं. मावशींनी ते बोट हातात धरलं आणि धरूनच ठेवलं. दादा खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

ऑपरेशन झालं. लांबलं, पण झालं. डॉक्टरांनी दोन्ही फोटो समोर ठेवून हाड बसवलं, असं मावशींच्या भाचीने सांगितलं. काही आठवड्यांनंतर दोघं भेटायला गेली तेव्हा मावशींचा चेहरा सुजलेला होता, तोंड एका बाजूला ओढलेलं आणि बोलायची मनाई. उशाशी तो फोटो उभा केलेला होता आणि मांडीवर एक पाटी.

वहिनी पलंगाशी बसल्या. बोलायचं पुष्कळ ठरवून आल्या होत्या. "मावशी, तुम्ही त्या दिवशी तसं बोलला नसतात, तर मी अजून मागच्या खोलीत बाहुले करत बसले असते. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण..." डोळे भरून आले.

मावशींनी पाटी ओढली आणि वेडंवाकडं लिहिलं: *रडू नको. तूही माझा गाल परत आणलास.* तेवढं वाचून झाल्यावर पुसलं आणि खाली लिहिलं: *फोटोत डावा खांदा काळा पडलाय. दादाला सांग.*

वहिनी रडता रडता हसायला लागल्या. मावशींनाही हसायचं होतं, पण टाके ओढले गेले, तेव्हा त्यांनी नुसते डोळे मिचकावले.

परत येताना रस्त्यावर गर्दी होती. थोडं पुढे गेल्यावर दादा न राहवून म्हणाले, "खरंच काळा पडलाय खांदा?"

"पडलाय की."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. दिवा सरकवताना. तुम्ही ऐकता कुठे?"

"कधी सांगितलंस?"

"तेव्हाच. मावशी ओरडत होत्या तेव्हा."

"मावशी ओरडत होत्या तर तुझं कसं ऐकू येणार?"

"म्हणजे आता माझीच चूक?" वहिनी म्हणाल्या आणि रस्ता ओलांडायला त्यांनी दादांचा हात धरला. पलीकडे पोहोचल्यावर दादा परत खांद्यावरच आले, आणि घरापर्यंत दोघं त्यावरून मनसोक्त भांडत गेली.